कोट स्टुडिओचा, चेहरा ज्याचा त्याचा

वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, मास्तरांबद्दल दोन पानं लिहून द्या, चांगलं काहीतरी. हॉलच्या दारातच लावायचंय, येणाऱ्या माणसाला कळलं पाहिजे की हे सगळे फोटो काढले कोणी. तुम्ही छत्तीस वर्षं त्यांच्याजवळ काम केलंत, तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? खरंय. माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. मी चांगलंच लिहिणार होते, सुरुवातही केली होती. पण ती गेल्या आठवड्यातली गोष्ट. आता जे लिहितेय ते दाराला लावायचं की चुलीत घालायचं ते बाईंनीच ठरवावं.

मला या बाजारात ठिपकेवाली म्हणतात. खरं नाव फक्त रेशनकार्डाला ठाऊक. मास्तरांच्या स्टुडिओत मी स्पॉटिंग करायचे. म्हणजे असं, की निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की छापलेल्या फोटोत तिथे पांढरा ठिपका येतो. कोणाच्या गालावर, कोणाच्या दातावर, एकदा तर एका वकिलाच्या बरोबर बुबुळात आला होता. तो ठिपका बारीक ब्रशने रंग लावून असा भरायचा की शेजारच्या रंगात मिसळून गेला पाहिजे. फुटक्या बशीत काळा रंग घोटलेला, ब्रश जिभेच्या टोकावर ओला करायचा आणि श्वास धरून टेकवायचा. त्यामुळे संध्याकाळी माझी जीभ काळी असायची. सासू म्हणायची, जीभ काळी आहे म्हणून तर बोलते ते खरं होतं. तिच्याबाबतीत दोन-तीनदा झालंही, पण ते इथे नको.

आता मास्तर. लुकडे, खांद्यात वाकलेले, कानावर पेन्सिल. ती पेन्सिल ते पॉलिश पेपरवर सुईसारखी करायचे आणि कोणी हात लावला तर तो हात मोडायला कमी करायचे नाहीत. कॅमेरा तेच चालवायचे, डार्करूम त्यांचीच, आणि निगेटिव्हवरचं टचिंगही त्यांचंच. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की छापताना तेवढी जागा उजळते. डोळ्याखालचं काळं, देवीचे व्रण, कपाळावरच्या आठ्या, सगळं त्या पेन्सिलीने जायचं. म्हणायचे, देवाने केलं तेवढं कॅमेऱ्यात येतं, त्याचं राहिलेलं काम माझ्याकडे येतं. गर्विष्ठ होते का? होते. पण त्यांचा हात बघितला असता तर तुम्हीही सोडून दिलं असतं.

स्टुडिओत एक काळा कोट होता. एकच. पाठीत शिवण उसवलेली, म्हणजे जाड्या माणसाला समोरून बसेल, आणि लुकड्याला मागून चिमटे लावायचे. या बाजारातल्या निम्म्या बापांनी तोच कोट घातलाय. मागे जिन्याचा रंगवलेला पडदा. जिना जातो कुठे, तर कुठेच नाही, वर छत लागतं. माणूस लाजायचा, म्हणायचा दुसऱ्याचा कोट कशाला. तेव्हा मास्तर त्याच्या खांद्यावरची धूळ झटकत म्हणायचे, कोट स्टुडिओचा, चेहरा ज्याचा त्याचा, हसू नका फक्त. मी हे वाक्य छत्तीस वर्षं ऐकलं. मला ते फार आवडायचं. आता आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

स्टुडिओत मी लागले एकोणिसाव्या वर्षी. आई इस्त्री करायची, घरातच, खिडकीपाशी टेबल टाकून. एक दिवस मला घेऊन ती मास्तरांकडे गेली आणि म्हणाली, हिला काहीतरी शिकवा. मास्तरांनी नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. उजेडाजवळचं स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, बस. तीन मुली आधी नाकारल्या होत्या त्यांनी, हे मला नंतर कळलं. मी आपली समजत होते की माझा हात स्थिर आहे ते त्यांनी बघताक्षणी ओळखलं. छत्तीस वर्षं मी या भ्रमात होते, आणि चारचौघांत तसं सांगतही होते.

माझे वडील मी अडीच वर्षांची असताना गेले. पुलाच्या कामावर लांब गेले होते, महिनाभरात निरोप आला. तिकडेच त्यांचं सगळं उरकलं. घरी आली ती एक पिशवी, त्यात सदरा आणि वस्तरा. जाण्याआधी त्यांनी मास्तरांकडे एक फोटो काढून घेतला होता, पत्नीजवळ असावा म्हणून. तो आमच्या घरात इस्त्रीच्या टेबलाच्या वर भिंतीला लागलेला असायचा. काळा कोट, मागे जिना, भांग डावीकडे, आणि डाव्या भुवईच्या टोकाला एक तीळ.

मला वडील म्हणून तेवढंच मिळालं. मी त्याच्याशी बोलायचे. लहानपणीच नाही, मोठेपणीही. शाळेचा निकाल आधी फोटोला, मग आईला. नवरा पसंत पडला तेव्हाही आधी विचारलं ते फोटोलाच. पोरगा झाला तेव्हा त्याला हातावर घेऊन फोटोसमोर उभी राहिले आणि म्हटलं, बाबा, बघा, नाक तुमचंच आलंय. लोकांनाही सांगायचे, आमच्याकडचं नाक हे असं, सरळ, टोकाला जरा खाली. आई इस्त्री फिरवत असायची. कधी हो म्हणाली नाही, कधी नाही म्हणाली नाही. मी समजायचे, तिला वाईट वाटत असेल.

एकदा लांब दिलेल्या आत्याने पत्राने फोटोची प्रत मागितली, तिने तो कधी बघितलेला नव्हता. मी मास्तरांना म्हटलं, आमच्या बाबांची प्लेट काढा, एक छापून घेते. मास्तर पेन्सिल घासत होते. म्हणाले, ती प्लेट गेली गं. गेली म्हणजे फुटली असं मी धरून चालले. निगेटिव्ह तेव्हा काचेच्या प्लेटेवर असायची, फुटायची. माणूस खोटं बोलला नाही बघा. प्लेट गेलीच होती.

आई नऊ वर्षांपूर्वी गेली. तिचाही फोटो मास्तरांनीच काढलेला, तो मी स्पॉट केला, आणि दोन्ही शेजारी लावले.

सहा वर्षांपूर्वी मास्तरांची नजर पार गेली. आयुष्यभर भिंगातून दुसऱ्यांचे चेहरे निरखले, त्याचं हे असं झालं. मुलाने त्यांना घरी नेलं, तीन गल्ल्या सोडून आहे घर. दुकान भाड्याने द्यायचं ठरलं. त्यात प्लेटा आणि निगेटिव्ह मिळून एकेचाळीस पेट्या. मुलगा म्हणाला, काच कोणी घेत नाही आता, कचऱ्याची गाडी बोलावलीय. मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हटलं, आधी मला उचलून गाडीत टाक, मग पेट्या. गाडीवाला हसायला लागला. पण गाडी रिकामी गेली.

वाचनालयातल्या बाईंनी मागची खोली दिली. तेव्हापासून दर दुपारी आम्ही दोघी. एकेक प्लेट मऊ ब्रशने झाडायची, नव्या पाकिटात घालायची, जुन्या पाकिटावरचं मास्तरांच्या अक्षरातलं जे असेल ते नव्यावर उतरवायचं. नंबर, कोण, कधी. लोकांनी वेड्यात काढलं. म्हणाले, मेलेल्यांचे फोटो, तेही दुसऱ्यांचे, हिला घरी काम नाही का? पण याच लोकांच्या घरचे फोटो ओलीने गेले, वाळवीने गेले, राहिले ते भाऊबंदकीत फाटले. आणि हेच लोक मग हळूच यायचे आणि विचारायचे, आमच्या आईचा एखादा निघाला का हो? निघायचा. एक म्हातारी स्वतःचाच अठराव्या वर्षीचा फोटो बघून म्हणाली, ही कोण पोरगी, चांगली आहे दिसायला. मग कळल्यावर तासभर हलली नाही.

गेल्या महिन्यात आम्ही दीडशे फोटो छापून हॉलमध्ये लावले. प्रत्येकाखाली एक कोरी चिठ्ठी आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. ओळखलंत तर लिहा, एवढंच. आणि लोकांनी लिहिलं हो. हे आमचे मामा, सायकलवाले. ही शाळेतली गणिताची बाई, हिने मला मारलंय. एकाने लिहिलं, हा मीच, केस खरे आहेत. दोन जावा एकाच बाईला आपापली आई म्हणून भांडल्या, शेवटी कळलं की ती दोघींची सासू. बाजारात इतकी माणसं एकमेकांशी बोलताना मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मास्तरांना जाऊन सांगितलं, तर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, तू जपलंस, मी नुसते काढले.

बाई म्हणाल्या, तुमच्याही वडिलांचा लावा की. मी घरच्या भिंतीवरून फ्रेमसकट काढून आणला आणि मध्यभागी लावला. खाली चिठ्ठी ठेवायची गरज नव्हती, पण नियम म्हणून ठेवली, आणि लिहिलं, माझे वडील.

तिसऱ्या दिवशी त्या चिठ्ठीवर माझ्या ओळीखाली कोणीतरी लिहिलं होतं, हे आमचे आजोबा, घड्याळवाले.

मी चिठ्ठी फाडली. नवी लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच अक्षरात, जरा मोठं. म्हटलं, आता ही थट्टा कोण करतंय ते बघतेच. खुर्ची टाकून बसले. दुपारी एक बाई आली, पस्तिशीची, दवाखान्यातल्या नर्सचा वेष. पेन्सिलीला हात घातला तसं मी तिचं मनगट धरलं. तिला चांगली फैलावर घेतली. म्हटलं, मेलेल्या माणसावर हक्क सांगायला लाज नाही वाटत? ती घाबरली नाही. ठेवणीतल्या आवाजात म्हणाली, मावशी, मला भांडायचं नाही, उद्या मी फोटो घेऊन येते.

दुसऱ्या दिवशी ती आली, प्लॅस्टिकच्या पिशवीत फोटो घेऊन. तोच कोट, ठीक आहे, कोट सगळ्यांनीच घातलाय. तोच जिना. पण उजवीकडची कॉलर आत मुडपलेली, तीही तीच. भांगातून सुटलेला एक केस, तोही तोच. एकाच प्लेटवरून निघालेल्या दोन प्रती ओळखायला मला भिंग लागत नाही. फरक एवढाच की तिच्या फोटोत तीळ नव्हता.

मी म्हटलं, हे बघ, तुमच्या आजोबांच्या पाकिटात चुकून आमच्या बाबांची प्रत गेली असणार. तीळ कुठाय यात? तुमच्या घरी कोणीतरी खरवडलाय. ती म्हणाली, आजोबांना तीळ नव्हता मावशी. आणि तिने पिशवीतून आणखी फोटो काढले. तोच माणूस, चाळिशीतला. तोच माणूस, साठीतला, दुकानात बसलेला, एका डोळ्याला भिंग लावलेला. नाक तसंच, सरळ, टोकाला जरा खाली.

तो शेवटचा फोटो बघून माझ्या पायाखालची जमीन सरकली. या म्हाताऱ्याला मी पाहिलं होतं. पलीकडच्या बाजारात त्याचं दुकान होतं. मी पस्तिशीत असताना तिथे घड्याळाचा पट्टा बदलायला गेले होते. त्याने भिंग न काढता मान वर केली होती आणि मी म्हटलं होतं, जरा लवकर करा. घरी जिच्याशी मी रोज बोलायचे ती मुद्रा समोर बसली होती आणि मला ओळखू आली नव्हती.

नर्सबाईला मी खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. पाणी मलाच हवं होतं. तिच्या फोटोच्या मागे मास्तरांच्या अक्षरात नंबर होता. त्या वर्षाच्या पेट्या आम्ही अजून उघडल्याच नव्हत्या, त्या खाली भिंतीशी होत्या. ती गेल्यावर संध्याकाळपर्यंत मी त्या धुंडाळल्या. बाई घरी जा म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. पाकीट सापडलं. वर लिहिलेलं, घड्याळवाले. आत धड, स्वच्छ प्लेट. खिडकीशी धरली, भिंग लावलं. तीळ असलेला माणूस असता तर निगेटिव्हवर तिथे पारदर्शक ठिपका दिसला असता. तीळ असून मास्तरांनी झाकला असता तर पेन्सिलीच्या रेघा दिसल्या असत्या. यातलं काहीच नव्हतं. त्या कपाळाला पेन्सिलसुद्धा लागली नव्हती.

त्याच पेटीत, आठ पाकिटं सोडून, आणखी एक पाकीट होतं. त्यावर वडिलांचं काम लिहिलेलं, पुलावर जाणारे, आणि त्या खाली दोन शब्द. प्लेट गेली. आत हात घातला. आत काहीच नव्हतं.

घरी येऊन मला झोप आली नाही, हे सांगायला नकोच. सकाळी लवकरच वाचनालयात गेले. बाईंकडून किल्ली घेतली, हॉलमध्ये फ्रेम उतरवली आणि मागचे खिळे उचकटले. इतक्या वर्षांत तो फोटो काचेबाहेर कधी निघालाच नव्हता. हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडात तिरका धरला. फोटोचा कागद चकचकीत होता. तीळ चकाकत नव्हता. तेवढाच एक ठिपका मंद, जसा वरून बसवलेला रंग दिसतो तसा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फोटोंवर मी हेच काम केलं आणि घरातला ठिपका मला दिसला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तरी माझं मन मानेना. म्हटलं, खात्री करून घ्यावी. आमच्या धंद्यात खात्री करायची एकच रीत आहे. कापसाचा बोळा ओला करायचा, पिळायचा आणि टेकवायचा. चेहऱ्यात मुळातला असेल तर हलत नाही. ब्रशचा असेल तर कापसावर येतो.

कापसावर आला. एकदा टेकवला आणि बाबांचा तीळ माझ्या बोटांत आला, काळा, खसखशीएवढा. मी तो कापूस कचऱ्याच्या डब्यात फेकला आणि तशीच मास्तरांच्या घरी गेले.

रस्ताभर मी त्यांना जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. चेहरा ज्याचा त्याचा म्हणे. असा कसला तो मास्तर, की ज्याने अडीच वर्षांच्या पोरीच्या हातात घड्याळवाला दिला आणि म्हटलं, घे, हा तुझा बाप? वर तिलाच कामाला ठेवली, तिच्याचकडून रोज लोकांच्या गालांवरचे ठिपके भरून घेतले, आणि तोंडावर एक रेघ हलली नाही. केसाने गळा कापणं याहून वेगळं काय असतं? परक्याने केलं असतं तर सोसलं असतं मी. पण या माणसाला मी मनात कुठे बसवलं होतं ते मलाच माहीत. खरं सांगायचं तर तेव्हाही बाप म्हणून त्यांनाच बघत होते, फोटोतला तर बोलत नव्हता.

मास्तर पलंगावर बसले होते, रेडिओ लावून. सुनेने चहा आणून दिला आणि ती आत गेली. मी रेडिओ बंद केला. रिकामं पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठ्याने कडा चाचपली, जुना कागद ओळखला. मी म्हटलं, वाचून दाखवू? वर लिहिलंय, प्लेट गेली. मी म्हटलं, घड्याळवाल्यांची नात आली होती. तेव्हा त्यांनी पाकीट मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवले.

मग सांगितलं त्यांनी. दडवलं नाही, आडवळणं घेतली नाहीत, तेवढं एक कबूल करते. कडक उन्हाळा होता. उन्हाळ्यात प्लेटा धुताना पाण्यात बर्फ टाकायचा असतो, नाहीतर काचेवरचा चित्राचा थर मऊ होतो. त्या दिवशी बर्फ आणायचा त्यांनी कंटाळा केला. म्हटलं एकच खेप आहे, निघून जाईल. टाकीत हात घातला तर थर दुधावरच्या सायीसारखा सुटून हातात आला. तीन चेहरे होते. दोघांना बोलावून पुन्हा बसवलं, काहीतरी कारण सांगून. तिसरा पुलाच्या कामावर निघून गेला होता. म्हटलं, येईल तेव्हा बसवू.

आला तो निरोप. आणि त्यानंतर आई आली, मला कडेवर घेऊन, फोटो न्यायला.

मास्तर म्हणाले, उद्या या असं मी सांगितलं. त्या दिवसभर त्यांनी पेट्या उपसल्या आणि त्यातल्या त्यात जुळणारा चेहरा शोधला. तोच कोट, तेच वय, तशीच धाटणी. वाटलं, दुःखात आहे, बघेल न बघेल. दुसऱ्या दिवशी आईने फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला, पिशवीत ठेवला आणि गेली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. मला हे ऐकून त्यांच्या अंगावर चहा ओतावासा वाटला. ओतला नाही, एवढंच.

ते म्हणाले, पण त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. एकटी. मी समजलो, आता ही मला फाडून खाणार, आणि मी खाऊ देणार होतो. ती काउंटरवर फोटो ठेवून म्हणाली, "हे ते नाहीत. पण पोरीला बाप लागेल. त्यांना इथे तीळ होता, तेवढा लावून द्या."

आणि तिने स्वतःच्या भुवईवर बोट ठेवून जागा दाखवली. जरा वर, जरा बाहेर, असं म्हणत त्यांच्याकडून तो बरोबर लावून घेतला. तिच्यासमोर ब्रश ओला केला मी, मास्तर म्हणाले. मग तिने शपथ घातली, की हिला कधी सांगायचं नाही.

मला वाटत होतं की फसवलं ते मास्तरांनी. त्यांच्यापुरता राग घेऊन आले होते मी. आता कळलं की तो राग पुरणार नाही. आई रोज त्या फोटोखाली उभी राहून इस्त्री करायची. मी त्या फोटोशी बोलायचे आणि ती ऐकायची. नाक तुमचंच आलंय बाबा, म्हणायचे मी, आणि ती कॉलर दाबत राहायची. पन्नास वर्षं तिने परक्या माणसाला माझ्याकडून बाबा म्हणवून घेतलं. एक दिवस नाही, पन्नास वर्षं. मी तिची एकुलती एक मुलगी.

मी विचारलं, मी मोठी झाले, लग्न झालं, पोरं झाली, मला तेव्हा का नाही सांगितलं तिने?

मास्तर म्हणाले, "मी तिला एकदा म्हटलं होतं, आता सांगून टाक. ती म्हणाली, आता ती त्यांच्याशी बोलते मास्तर. आता काय सांगू."

सून येऊन कप घेऊन गेली. मास्तरांनी चाचपडत माझा हात शोधला, मी तो मागे घेतला. तरी ते बोलतच राहिले. म्हणाले, मला हवं तेवढं बोल, मी ऐकून घेईन. चेहरा घड्याळवाल्याचा आहे, तो त्याच्या नातीला दे. पण त्या फोटोत एक गोष्ट तुझ्या बापाची आहे. फक्त एकच. तो तीळ. तो तुझ्या आईने स्वतः सांगून लावून घेतलाय, अगदी जागच्या जागी. तो जप.

मी म्हटलं, तो मी सकाळी पुसला.

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी सांगितलं, ओल्या कापसाने, तुम्हीच शिकवलंत तसं. कापूस डब्यात टाकला. डबा आतापर्यंत रिकामा केला असेल.

मास्तरांचे डोळे तसेही कुठे बघत नव्हते. हात तेवढे हलले, ब्रश धरायला हलतात तसे. म्हणाले, "परत लाव. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

"हात चांगला आहे," मी म्हटलं. "पण जागा आईने तुम्हाला दाखवली. मला नाही."

आणि मी चपला घालून निघाले.